घरापर्यंत नेणारी दुरुस्ती

नांदेडहून लातूरकडे निघालं की 361 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर आधी लोहा लागतं, मग खंडोबाचं माळेगाव, पुढे अहमदपूर. या पट्ट्यात आडवाटेला गाडी बंद पडली तर कंपनीचा माणूस येईपर्यंत दिवस मावळतो. त्याआधी पोचतो तो आसपासचा कुणी तरी: विहिरीवरचं इंजिन स्वतः उघडणारा शेतकरी, काळीपिवळीचा ड्रायव्हर, नाही तर मोटारी भरून देणारा वायरमन. यातल्या बहुतेकांनी हे काम कुठल्या वर्गात बसून शिकलेलं नसतं. डिकीतून पान्हा, पक्कड, बाइंडिंग वायर आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्या निघतात आणि अर्ध्या तासात गाडी सुरू होते.

अशा दुरुस्तीला आपण जुगाड म्हणतो. कुणी त्याचं तोंड भरून कौतुक करतं, कुणी नाक मुरडतं. माझ्या मते जुगाड ही निव्वळ उधारी आहे. अडल्या वेळी ती घ्यावीच लागते आणि घेण्यात कमीपणाही नाही, मात्र वेळेत फेडली नाही तर व्याज चढतं. त्यामुळे कोणती दुरुस्ती घरापर्यंत पुरते आणि कोणती मुळीच करायची नसते, हे ज्याला कळतं तोच खरा मिस्त्री, त्याच्याकडे प्रमाणपत्र असो वा नसो.

पहिल्या प्रवासापासून

मोटारीचा इतिहासच रस्त्यावरच्या दुरुस्तीने सुरू होतो. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर होतं. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, उघड्या पडलेल्या तारेवर मोज्याचा पट्टा गुंडाळला, आणि लाकडी ब्रेक झिजले तेव्हा मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. परतल्यावर तिने काय काय बिघडलं ते नवऱ्याला सांगितलं आणि त्याने गाडी सुधारली. तिचा जुगाड कारखान्यात पोचून पक्का झाला.

डिसेंबर 1972 मध्ये तर चंद्रावरही हेच घडलं. अपोलो 17 च्या चांद्रगाडीचं मडगार्ड तुटलं आणि चाकाची धूळ अंतराळवीरांच्या अंगावर उडू लागली. त्यांनी चार नकाशे चिकटपट्टीने जोडले, क्लॅम्प लावून मडगार्डच्या जागी बसवले आणि काम पुढे चालू ठेवलं.

आपला भाग निजामाच्या राज्यात होता. तिथे 1932 मध्ये सरकारी बससेवा सुरू झाली ती 27 गाड्यांवर. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला, एसटी आली, चिकलठाण्याला तिची मध्यवर्ती कार्यशाळा झाली. एसटीच्या मागे डेपो आणि कार्यशाळा होती. खाजगी जीप, टेम्पो, ट्रॅक्टर यांच्यामागे असं कुणीच नव्हतं.

त्यांना मिस्त्री मिळाले ते विहिरीवरून. वीज पोचली नव्हती किंवा पोचूनही टिकत नव्हती, तेव्हा डिझेल पंपावर पाणी उपसलं जाई. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 ची, आणि तसल्या इंजिनांनी गावोगाव कित्येकांना शिकवलं. डिझेल संपून इंजिनाने हवा घेतली तर नळीचा नट सैल करायचा, फीड पंप हाताने मारत राहायचं. आधी फेस येतो. फेस थांबून निव्वळ डिझेलची धार लागली की नट आवळायचा. विहिरीवर हे जमलेल्या पोराला ट्रॅक्टर नवा वाटला नाही, आणि ट्रॅक्टर जमलेल्याला जीप.

उन्हाळा आणि हळद

चाळिशी ओलांडणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात गाडीला पहिला त्रास होतो तो उष्णतेचा. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोल पंपातच वाफ धरायची आणि इंजिन बंद पडायचं. त्यावर ओलं फडकं पंपाला गुंडाळायचं आणि झाडाखाली पाच-दहा मिनिटं थांबायचं. ॲम्बेसेडरच्या ड्रायव्हरकडे पाण्याची बाटली आणि फडकं कायम असे. ॲम्बेसेडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. इंधन दाबाने पाठवणाऱ्या नव्या गाड्यांना हा आजार सहसा होत नाही.

रेडिएटरची गळती मात्र अजून आहे, आणि तिच्यावरचं औषध आपल्या भागात मुबलक. वसमत, हिंगोली, नांदेड हा हळदीचा पट्टा.

"गाडी लई तापूलालीय, मामा," ड्रायव्हर वाटेतल्या मिस्त्रीला म्हणतो.

"झाकणाला हात लावू नको. थंड होऊ दे आधी."

हे मामांचं वाक्य साऱ्या दुरुस्तीत मोलाचं. बंद रेडिएटरमध्ये दाब असतो, त्यामुळे पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. गाडी थंड झाल्यावर मामा दोन-तीन चमचे हळद पाण्यात कालवून आत ओततात, पाणी भरतात आणि इंजिन सावकाश चालू ठेवतात. हळदीत स्टार्च भरपूर असतो. गरम पाण्यात तो फुगतो आणि सुईएवढ्या छिद्रात अडकून बसतो. गळती थेंबावर येते, मग थांबते.

"लोह्यापर्यंत जाईल का?"

"जाईल. उद्या मात्र रेडिएटर उतरव."

दुसऱ्या दिवशी तो उतरवत नाही, तिथून व्याज सुरू होतं. हळदीला भोक आणि नळी यांतला फरक कळत नाही, ती बारीक नळ्याही बुजवते. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर वरची टाकी डाग सोडवून काढता येते, नळ्यांत सळई घालून साफ करता येते आणि पुन्हा झाळता येतं. आताच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकची टाकी दाबून बसवलेली असते. ती बुजली की बहुधा नवाच घ्यावा लागतो.

साबण, ब्लेड, गेटर

पत्र्याच्या टाकीला दगड लागून चीर पडली तर कपड्याचा साबण मळून त्यात दाबतात. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये विरघळत नाही. म्हणून गळती काही तास थांबते. तुटलेल्या प्लॅस्टिकवर फेव्हिक्विकचा थेंब आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की क्षणात दगडासारखा थर होतो. प्लगचा गॅप तपासायला फीलर गेज नसलं तरी हॅक्सॉ ब्लेड असतं. त्याची जाडी साधारण 0.63 मिलिमीटर, आणि बऱ्याच जुन्या प्लगांना गॅपही जवळपास तेवढाच लागतो. बंद पडलेली बजाज स्कूटर एका अंगाला कलती करून किक मारायची, हे तर एका पिढीला पाठ होतं.

टायर फाटला तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावतात, तो गेटर. ट्रकच्या कमानीचा पाटा मोडला तर ॲक्सल आणि चासी यांमध्ये लाकडाचा ओंडका ठोकून साखळीने आवळतात आणि गाडी चालीने पुढच्या गावापर्यंत नेतात. यातली एकही गोष्ट पुस्तकी नाही. पण प्रत्येकीमागे कारण आहे आणि चांगल्या मिस्त्रीला ते सांगता येतं.

जिथे उधारी चालत नाही

आता दुसरी बाजू. फ्यूज उडाला की त्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी खोचायची सवय जुनी आहे. 10 अँपिअरचा फ्यूज उडतो तो वायर वाचवायला. त्याच्या जागी जाड तार बसली की मग वायरच फ्यूज होते, आणि ती जळते डॅशबोर्डच्या आत.

ब्रेकचं तर विचारूच नका. ऑइल कमी झालं म्हणून त्यात पाणी किंवा इंजिन ऑइल ओतणारे आजही भेटतात. ब्रेक तापले की पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे पेडल थेट तळाला जातं. इंजिन ऑइलने सिलिंडरचे रबरी वायसर फुगतात, ब्रेक कधी अडकून बसतो तर कधी लागतच नाही. हे सगळं लगेच होत नाही, म्हणून ओतणाऱ्याला वाटतं जमलं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर उतारावर असला म्हणजे त्याची किंमत कळते.

पूर्ण गाडीच घडवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किकवर सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. 2021 च्या अखेरीस तिची चित्रफीत देशभर फिरली आणि आनंद महिंद्रांनी त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो दिली. गुजरातेत अमरेलीच्या मनसुखभाई जगानींनी बुलेटच्या मागे कोळपणीची अवजारं जोडली आणि त्या रचनेला पेटंटही मिळवलं.

कायदा मात्र कौतुकाने विरघळत नाही. जुगाड करून घडवलेली गाडी हेही मोटार वाहनच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात म्हटलं. म्हणजे नोंदणी, विमा, परवाना सगळं आलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही, हे 2019 च्या निकालाने पुन्हा पक्कं झालं. हे जाचक वाटतं. पण अशा गाडीची धडक ज्याला बसते त्याच्या घरच्यांनी भरपाई कुणाकडे मागायची, हा प्रश्न त्यामागे आहे.

सेन्सरच्या काळात

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या आणि रस्त्यावरच्या मिस्त्रीचे हात आखडले. आता इंजिनाचं दुखणं आवाजावरून कळण्याआधी स्कॅनर लावावा लागतो. बऱ्याच मोठ्या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करायला युरियाचं द्रावण लागतं: 32.5 टक्के शुद्ध युरिया, बाकी क्षारमुक्त पाणी. कृषी सेवा केंद्रातल्या गोणीवरही युरियाच लिहिलेलं असतं. तो बोअरच्या पाण्यात कालवून टाकीत ओतण्याचा मोह सहज होतो. पण शेतीचा युरिया 2015 पासून नीमकोटेड आहे, आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतात. दोन्ही मिळून इंजेक्टर आणि महागडा कॅटॅलिस्ट खराब करतात. जुन्या ज्ञानाने नव्या यंत्राला हात घातला की असं होतं. दोष मिस्त्रीच्या बुद्धीचा नाही, त्याला आतलं कुणी दाखवलेलंच नाही.

अशा मिस्त्र्यांवर इतर देशांतही गाड्या चालतात. क्युबात आयात तुटल्यावर साठ-सत्तर वर्षं जुन्या अमेरिकन गाड्या रशियन इंजिनं घालून चालत राहिल्या. घानामधल्या कुमासी शहरात सुआमे मॅगझिन नावाची मिस्त्र्यांची वसाहतच आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारी आणि शेतीची अवजारं दोन्ही आहेत. या हक्काला तालुक्याच्या गावात अर्थ यायचा तर वायरिंगचे नकाशे मराठीत मिळायला हवेत, स्कॅनर परवडायला हवा, आणि सुट्टे भाग जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेरही पोचायला हवेत. ज्याला आतलं कळतं तो जुगाड कमी करतो आणि नेमका करतो.

तोवर एक नियम पाळायला कुणाची परवानगी लागत नाही. गाडी थांबवणाऱ्या आणि वळवणाऱ्या भागांवर जुगाड नाही, फ्यूजच्या जागी तार नाही. बाकीचं घरापर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजला.