नामसानवरचं नाहीसं झालेलं देवस्थान

१५ ऑगस्ट हा आपला स्वातंत्र्यदिन. पण याच तारखेला आणखी एका देशात पारतंत्र्यातून सुटल्याचा आनंद साजरा होतो, ठाऊक आहे? तो देश म्हणजे कोरिया! आपल्यावर जसं इंग्रजांचं, तसं कोरियावर १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षं जपानचं राज्य होतं.

शिंतो हा जपानचा जुना धर्म. डोंगर, झाडं, नद्या, पूर्वज यांच्यात देव पाहणारा. त्यात वावगं काहीच नाही. पण राज्यकर्त्यांनी त्या भक्तीचा हुकूम केला. सोल शहरातल्या नामसान डोंगरावर त्यांनी १९२५ साली एक भव्य शिंतो देवस्थान उभारलं. त्याचं नाव चोसेन जिंगू. सूर्यदेवी अमातेरासू आणि जपानचे सम्राट मेइजी हे तिथले देव. वर चढायला तब्बल ३८४ दगडी पायऱ्या! त्याच डोंगरावर कोरियन लोकांचं गुक्सादांग नावाचं जुनं देऊळ होतं. ते मात्र तिथून उठवून इनवांगसान डोंगरावर न्यावं लागलं.

पुढे तर सक्तीच झाली. शाळाशाळांतल्या मुलांना रांगेनं नेऊन अशा देवस्थानांपुढे वाकायला लावत. काहींनी साफ नकार दिला. प्याँगयांगची सुंगसिल ही ख्रिस्ती शाळा त्यापायी १९३८ साली बंद पडली. जू गि-चल नावाचे धर्मगुरू वाकले नाहीत. त्यांना तुरुंगात टाकलं आणि १९४४ साली तिथेच त्यांचा अंत झाला.

मग १५ ऑगस्ट १९४५ उजाडला. जपाननं शरणागती पत्करली. दुसऱ्याच दिवशी चोसेन जिंगूच्या पुजाऱ्यांनी देवांना निरोप देण्याचा विधी केला. आपल्यामागे विटंबना नको म्हणून जपान्यांनी स्वतःच ते देवस्थान उतरवलं. वीस वर्षांत सगळा थाट संपला! आज त्या परिसरात कोरियाचे क्रांतिकारक आन जुंग-गुन यांचं स्मारक आहे. त्यांना जपान्यांनी १९१० साली फाशी दिलं होतं.

आणि ते हलवलेलं गुक्सादांग? ते इनवांगसानवर अजून उभं आहे. लोक आपणहून तिथे जातात.

आपल्या वडनेरसारख्या गावात मारुतीच्या पारावरून जाताना हात आपोआप जोडले जातात. कुणी हुकूम सोडत नाही, कुणी हजेरी घेत नाही. म्हणूनच तो नमस्कार खरा. मान जबरदस्तीनं वाकवता येते, मन नाही. पटतंय ना?