राष्ट्राध्यक्षांची आश्वासने : राग नेमका कुणावर काढायचा?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कोणत्याही पक्षाचा असो, शपथविधीला वर्षही होत नाही तोच मतदारांची कुरकुर सुरू होते. प्रचारात काय काय सांगितले होते आणि प्रत्यक्षात काय झाले? सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! हा राग बऱ्याचदा रास्त असतो, पण त्याचा नेम चुकलेला असतो. आपण तर तिथल्या राष्ट्राध्यक्षाकडे आपल्या पंतप्रधानांच्या मापाने पाहतो. आपल्याकडे लोकसभेत बहुमत असेल तोच पंतप्रधान होतो. तिथे राष्ट्राध्यक्ष आणि संसद (तिला काँग्रेस म्हणतात; सिनेट आणि प्रतिनिधीगृह ही तिची दोन सभागृहे) वेगवेगळे निवडून येतात आणि अनेकदा एकमेकांच्या विरोधातच बसतात. बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज १ : निवडून आले की सगळेच आश्वासने विसरतात.

वस्तुस्थिती : मोजमाप केले की वेगळे चित्र दिसते. राज्यशास्त्रज्ञ मायकेल क्रुकोनेस यांनी वुड्रो विल्सन ते जिमी कार्टर या राष्ट्राध्यक्षांची आश्वासने तपासली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पाळली गेल्याचे आढळले. 'पोलिटिफॅक्ट' या तथ्यतपासणी संस्थेने बराक ओबामा यांच्या ५००हून अधिक आश्वासनांचा हिशेब ठेवला. त्यातली जवळपास निम्मी पूर्ण झाली, पावएक तडजोडीवर सुटली आणि पावएक मोडली. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळातली जी सुमारे १०० आश्वासने या संस्थेने तपासली, त्यातली निम्म्याहून अधिक मोडली. म्हणजे 'सगळे सारखेच' हे खरे नाही. मात्र पाळलेल्या आश्वासनाची बातमी एक दिवस टिकते आणि मोडलेले आश्वासन विरोधक पुढच्या निवडणुकीपर्यंत विसरू देत नाहीत.

गैरसमज २ : राष्ट्राध्यक्षाने सही केली की काम फत्ते.

वस्तुस्थिती : ग्वांतानामोचा तुरुंग हे याचे ठळक उदाहरण. २२ जानेवारी २००९ रोजी, शपथ घेऊन दोनच दिवस झालेले असताना, ओबामांनी क्यूबाच्या किनाऱ्यावरचा अमेरिकी लष्कराचा हा तुरुंग वर्षभरात बंद करण्याच्या आदेशावर सही केली. सही करताना त्यांच्या पाठीमागे निवृत्त जनरल आणि अ‍ॅडमिरल उभे होते. आश्वासन पाळले गेल्याचे चित्र अगदी पूर्ण होते. पण कैदी हलवायला पैसा लागतो आणि तिजोरीच्या किल्ल्या काँग्रेसकडे असतात. मे महिन्यात सिनेटने हा निधी ९० विरुद्ध ६ मतांनी अडवला. अडवणाऱ्यांत ओबामांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुसंख्य सदस्य होते. कैद्यांना इलिनॉयमधल्या एका तुरुंगात ठेवण्याचा बेतही फसला, कारण पुढे कैद्यांना अमेरिकेच्या भूमीवर आणायलाच कायद्याने बंदी झाली. ओबामा आले तेव्हा तिथे सुमारे २४० कैदी होते, ते गेले तेव्हा ४१ उरले. तुरुंग मात्र उघडाच राहिला.

आदेशाला दुसरीही मर्यादा आहे. एका राष्ट्राध्यक्षाचा आदेश पुढचा राष्ट्राध्यक्ष रद्द करू शकतो किंवा न्यायालय तो अडवू शकते. जो बायडेन यांनी २०२२मध्ये विद्यार्थ्यांचे १० हजार डॉलरपर्यंतचे आणि गरीब घरांतल्यांचे २० हजारांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज माफ करण्याची घोषणा केली. जून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द ठरवली. नंतर इतर मार्गांनी ५० लाखांच्या आसपास कर्जदारांना दिलासा मिळाला, पण वाट पाहणाऱ्या कोट्यवधींच्या पदरी निराशाच आली.

पुण्या-ठाण्यातून तिकडे गेलेल्या आयटीवाल्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. ही मर्यादा कायद्यात आहे, राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीत नाही. बायडेन यांनी पहिल्याच दिवशी स्थलांतर कायद्यातल्या व्यापक बदलांचा प्रस्ताव काँग्रेसकडे धाडला. दोन्हीपैकी एकाही सभागृहात त्यावर मतदान झाले नाही.

गैरसमज ३ : स्वपक्षाचे बहुमत असले की सबब चालत नाही.

वस्तुस्थिती : सिनेटमध्ये सदस्य १०० असले, तरी बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून ती मतदानाला आणायला ६० मते लागतात. जिथे साधे बहुमत पुरते, तिथेही पक्षाचे सदस्य आपल्याकडच्यासारखे व्हिपने बांधलेले नसतात. पक्षांतरबंदीचा कायदाच तिथे नाही. 'ओबामाकेअर' ही आरोग्यविम्याची योजना मोडीत काढू, हे ट्रम्प यांचे मोठे आश्वासन होते. २०१७मध्ये सिनेटमध्ये त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचे ५२ सदस्य होते. २८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर ही योजना मोडीत काढण्याच्या विधेयकावर मतदान सुरू असताना सिनेटर जॉन मॅक्केन पुढे आले, हात वर केला आणि अंगठा खाली वळवला. मेंदूच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर ते काही दिवसांपूर्वीच सभागृहात परतले होते. त्यांच्यासह तीन रिपब्लिकन विरोधात गेले आणि विधेयक ४९ विरुद्ध ५१ने पडले.

गैरसमज ४ : म्हणजे दोष काँग्रेसचा, राष्ट्राध्यक्ष बिचारा!

वस्तुस्थिती : ही पळवाटही बंद केली पाहिजे. काही आश्वासने देतानाच पोकळ असतात. सीमेवरच्या भिंतीचे पैसे मेक्सिको देईल, असे ट्रम्प २०१६मध्ये सभांमधून सांगत होते. परक्या देशाच्या तिजोरीवर त्यांची सत्ता नव्हती आणि मेक्सिको तर उघडपणे नकार देत होता. पहिल्या कार्यकाळात सुमारे ७३० किलोमीटर भिंत उभी राहिली, बहुतेक जुन्या कुंपणाच्या जागी आणि अमेरिकी करदात्याच्या पैशातून.

सध्याचा विमा आवडत असेल तर तो कायम ठेवता येईल, हे ओबामांचे पालुपदही असेच होते. २०१३मध्ये लाखो लोकांच्या हाती विमा रद्द झाल्याची पत्रे पडली. ओबामाकेअरच्या नव्या कायद्याचे निकष त्यांच्या जुन्या योजना पूर्ण करत नव्हत्या. ओबामांना दूरचित्रवाणीवर दिलगिरी व्यक्त करावी लागली. इथे काँग्रेस आडवी आली नव्हती, आश्वासनच चुकीचे होते.

गैरसमज ५ : शब्द मोडला की मतदार घरी बसवतातच.

वस्तुस्थिती : नेहमी नाही. नवे कर लावणार नाही, असे जॉर्ज बुश थोरले यांनी १९८८मध्ये ठासून सांगितले. वित्तीय तूट वाढल्यावर १९९०मध्ये डेमोक्रॅटबहुल काँग्रेसशी तडजोड करून त्यांनी कर वाढवले आणि १९९२मध्ये ते हरले. त्या पराभवात मंदीचा आणि तिसरे उमेदवार रॉस पेरो यांचाही वाटा होता. उलट ग्वांतानामो उघडा असतानाच ओबामा २०१२मध्ये पुन्हा निवडून आले, आणि मेक्सिकोने एक डॉलरही दिला नसताना ट्रम्प २०२४मध्ये जिंकले.

गैरसमज ६ : मग चार वर्षे हात चोळत बसणे आले.

वस्तुस्थिती : आश्वासन मोडणे हा गुन्हा नाही, त्यामुळे त्यासाठी महाभियोग चालत नाही. राष्ट्राध्यक्षाला मतदानाने परत बोलावण्याची सोयही नाही. पण दर दोन वर्षांनी प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी निवडणूक होते. २०१०मध्ये ओबामांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहात ६३ जागा गमावल्या, तर २०१८मध्ये ट्रम्प यांच्या पक्षाने सुमारे ४०. मात्र अशा रागाच्या मतदानातून विरोधकांची काँग्रेस आली की राष्ट्राध्यक्षाची उरलेली आश्वासने आणखीच अडकतात.

म्हणून तिथे मताचा हक्क मिळवलेल्या मराठी मंडळींनी आश्वासन ऐकताना एकच गोष्ट विचारावी : हे करण्याचा अधिकार कुणाचा? राष्ट्राध्यक्षाचा असेल, तर सबब ऐकून घेऊ नये. काँग्रेसचा असेल, तर आपल्या भागाच्या प्रतिनिधीचे आणि सिनेटरचे मत आधी तपासावे. आणि अधिकार दोघांचाही नसेल, तर त्या आश्वासनासाठी मत देऊच नये.