रेशमाआडची डचेस

सोळाव्या शतकातील इटलीत राजघराण्यांसाठी रंगवली जाणारी व्यक्तिचित्रे घरच्या आठवणीपेक्षा राजकारणाच्या कामी अधिक येत. फ्लॉरेन्सच्या कोझिमो दे मेदिची याला तर त्यांची विशेष निकड होती, कारण १५३७ मध्ये ड्यूक, म्हणजे संस्थानाधिपती, अलेस्सांद्रो याचा खून झाल्यावर घराण्याच्या धाकट्या पातीतील हा १७ वर्षांचा मुलगा अनपेक्षितपणे सत्तेवर आला होता. १५३९ मध्ये नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची कन्या एलेओनोरा हिच्याशी विवाह करून त्याने सम्राट पाचव्या चार्ल्सच्या गोटाशी संबंध पक्का केला.

दरबारी चित्रकार ब्रोन्झिनो याने १५४५ च्या सुमारास रंगवलेल्या आणि आज उफ्फिझी संग्रहालयात असलेल्या एलेओनोराच्या चित्रात नजर आधी खिळते ती पोशाखावर. पांढऱ्या रेशमावरील काळी मखमली वेलबुट्टी आणि छातीवरचे जरीचे डाळिंब इतके हुबेहूब उतरले आहे की जरीच्या धाग्यांचे उठावही जाणवतात. १८५७ मध्ये मेदिचींच्या कबरी उघडल्यावर तिला याच पोशाखात पुरले होते, अशी समजूत रूढ झाली. पण पुढे कापडाच्या अभ्यासातून कबरीतला पोशाख वेगळा, बराच साधा साटिनचा झगा असल्याचे दिसले. डाळिंब हे सुफलतेचे चिन्ह, आणि तिच्या शेजारी असलेला तिचा मुलगा, बहुतेक अभ्यासकांच्या मते जोव्हान्नी, वंश चालणार असल्याची ग्वाही देतो. मागची गडद निळाई तिच्या मस्तकाभोवती उजळत असल्याने बालयेशूसह मेरीचा भासही होतो.

एवढे सारे सांगणाऱ्या या चित्रात चेहरा मात्र काहीच कळू देत नाही. त्यात अभिमान वाचावा, कंटाळा की सावधपणा? कास्तिल्योने याने १५२८ च्या आपल्या ग्रंथात दरबारी माणसाकडून ‘स्प्रेत्सातुरा’, म्हणजे कष्ट लपवून सारे सहज भासवण्याची कला, अपेक्षिली होती. ब्रोन्झिनोने ती जणू भावनांनाही लावली, आणि ज्याच्या मनाचा थांग लागत नाही त्याच्याशी जपून वागावे लागते, हे दरबारात वेगळे सांगावे लागत नसे.

त्याच चित्रकाराने कोझिमोला चिलखतात रंगवले, ज्याच्या अनेक प्रती निघाल्या, आणि त्याआधी ग्रीक पुराणातील गायक ऑर्फियसच्या रूपात, जवळजवळ विवस्त्र, पाठमोरा बसून मागे वळून पाहतानाही रंगवले. शेजारी शांत झालेला नरकद्वाराचा कुत्रा पाहून त्याला कलह शमवणारा राजा म्हणता येते. त्या उघड्या पाठीकडे पाहिले की मात्र विवाहाला उत्सुक असलेला तरुणच आधी दिसतो.