गेम खेळणं वेगळं, गेम बनवणं वेगळं

गटाच्या बैठकीत हप्त्यांचा आणि व्याजाचा हिशोब आटोपला की हल्ली एक प्रश्न निघतोच. “ताई, पोरगी म्हणते पुण्यात गेम बनवायच्या कंपनीत नोकरी मिळते. खरं आहे का? की हेही रमीसारखंच?” या प्रश्नामागे बहुतेक वेळा क्लासच्या फीसाठी कर्जाचा विचार असतो. म्हणून आज यावर बोलू.

आधी रमीचं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. व्हिडिओ गेम बनवणं हा त्याहून वेगळा उद्योग आहे. आपल्या घरोघरी खेळला जाणारा लुडो किंग मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणला. युबिसॉफ्ट ही फ्रान्सची मोठी कंपनी २००८ पासून पुण्यात काम करते. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला. त्यात सर्कशीतली एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. या कंपनीच्या संस्थापकांत श्रुती घोष आहेत आणि गेमच्या चित्रांची बाजू त्यांनी सांभाळली. त्याच वर्षी जगभरातल्या गेमच्या एका मोठ्या पुरस्कारासाठी ‘राजी’चं नामांकन झालं.

आता आत काम काय चालतं ते पाहू. आपल्या पापडाच्या कामात एक पीठ मळते, एक लाटते, एक वाळवते, एक वजन करून पाकीट भरते. गेमचंही तसंच. एक जण खेळाचे नियम ठरवतो: उडी किती उंच, शत्रू किती मारानंतर पडेल. चित्रकार माणसं, घरं, झाडं काढतात. अ‍ॅनिमेटर त्यांना चालायला लावतो. प्रोग्रामर संगणकाच्या भाषेत सूचना लिहितो. आवाजाचं काम वेगळं, वेळापत्रक सांभाळणारा वेगळा. पुण्या-मुंबईत बरंच काम परदेशी गेमच्या एखाद्या भागाचं असतं. कुणी महिनाभर नुसत्या भिंती आणि दरवाजेच बनवत असतं.

नव्या मुलामुलींना अनेकदा आधी चाचणीचं काम मिळतं. दिवसभर गेम खेळायचा म्हणजे मजाच, असं वाटतं. पण तिथे एकच दरवाजा शंभरदा उघडून पाहावा लागतो. पळत जाऊन, उलट चालत, मध्येच फोन आला तर काय होतं तेही पाहायचं. चूक सापडली की कोणत्या फोनवर, काय केल्यावर, किती वेळा घडली, हे नीट लिहायचं. ते बहुधा इंग्रजीत लिहावं लागतं. इथे चिकाटी लागते आणि नजर बारीक लागते. ही कामं बरेचदा काही महिन्यांच्या करारावर असतात, हे आधीच विचारून घ्यावं.

गेम बाजारात येण्याची तारीख जवळ आली की काम वाढतं. वेचणीच्या दिवसांत आपल्याला घरी परतायला अंधार होतो, तसंच. फरक इतकाच की तिथली वेचणी कधी कधी महिनोन्‌महिने चालते. आणि केलेलं काम लोकांसमोर येईलच असंही नसतं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या चमूंकडे होती. २०२० मध्ये तिची घोषणा झाली, पण २०२२ मध्ये ते काम कॅनडाच्या माँट्रियलला हलवलं गेलं. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर या उद्योगातल्या हजारो लोकांची नोकरी गेली. पगार चांगला असू शकतो, पण खात्रीची सरकारी नोकरी समजून पोरीला पाठवू नका.

पोरगी जाणारच असेल, तर दोन कायदे तिला माहीत हवेत. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. तिच्या सुरक्षिततेची आणि येण्या-जाण्याची सोय मालकाने करायची.

आता फीचं. काही क्लास लाखांत फी सांगतात आणि “नोकरी नक्की” म्हणतात. कंपनी मात्र प्रमाणपत्राच्या आधी कामाचे नमुने पाहते. प्रदर्शनात गिऱ्हाईक आधी पापड चाखतं, मगच ऑर्डर देतं ना? म्हणून मुलीने आधी सहा महिने स्वतः करून पाहावं. चित्रांसाठी ब्लेंडर आणि गेमसाठी गोडो ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. संगणक मात्र लागेल. कॉलेजातला वापरता येतो का, ते विचारा. एक छोटासा गेम, पाच मिनिटांचा का होईना, पण पूर्ण करावा. त्यातून तिला हे काम आवडतं की नुसतं खेळणं आवडतं, ते कळेल. पुढे शिकायचं ठरलं तर बंगळुरूला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला प्रवेश परीक्षा असते.

आणि गटातून कर्ज मागायचंच असेल, तर क्लासकडून तीन गोष्टी लिहून घ्या: एकूण फी किती, मध्येच सोडल्यास परत किती, आणि मागच्या वर्षीची मुलं कुठे कामाला लागली. त्यातल्या दोघा-तिघांशी मुलीने स्वतः फोनवर बोलावं. तो कागद बैठकीत ठेवा, सगळ्या मिळून वाचू, मगच कर्जाचा ठराव लिहू.