जुना गेम, नवं यंत्र

जुन्या गेमिंग कन्सोलचे नवे अवतार मुख्यतः दोन प्रकारचे.

इम्युलेशन: आतला प्रोसेसर आधुनिक असतो. जुन्या यंत्राची नक्कल सॉफ्टवेअर करतं. निन्टेंडोचा एनईएस क्लासिक एडिशन (नोव्हेंबर 2016) याच जातीचा. तळहातावर मावेल एवढा. आत 30 गेम भरलेले आणि टीव्हीला जोडायला एचडीएमआय. समोरचं झाकण हुबेहूब मूळ एनईएससारखं, पण ते उघडत नाही. कॅसेट घालायची सोयच नाही.

एफपीजीए: ही चिप आतल्या जोडण्या बदलून मूळ सर्किटसारखी वागते. सॉफ्टवेअरचा थर मध्ये नसल्याने बटण दाबल्यावरचा विलंब अगदी कमी असतो. अॅनालॉग कंपनीचा सुपर एनटी (2018) असा चालतो आणि सुपर निन्टेंडोच्या (एसएनईएस) मूळ कॅसेट घेतो.

अधलामधला: अटारी 2600+ (2023). कॅसेट खरी, खेळवतं मात्र इम्युलेशन.

लक्षवेधी: 1990च्या दशकात पूर्ण होऊनही डब्यात गेलेला ‘स्टार फॉक्स 2’ अधिकृतपणे प्रथम खेळायला मिळाला तो 2017च्या एसएनईएस क्लासिकवर. चाहत्यांसाठी ही मोठीच भेट!

आणि आपल्याकडचा ‘व्हिडिओ गेम’? 1990च्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘काँट्रा’ आणि ‘मारिओ’ चालवणारी बहुतेक यंत्रं म्हणजे जपानी फॅमिकॉमच्या (1983) विनापरवाना नकला. फॅमिकॉमच्या कॅसेटला 60 पिना, अमेरिकी एनईएसच्या कॅसेटला 72. त्यामुळे माळ्यावरची पिवळी कॅसेट एनईएसच्या खाचेत अॅडॅप्टरशिवाय चालत नाही.