धुऊन निघणारे रंग : शाळेत करावयाची कृती व घ्यावयाची काळजी

प्राथमिक शाळेतील चित्रकलेच्या तासाला मूल हात आखडून बसते, याचे कारण पुष्कळदा चित्रकलेत नसून गणवेशात असते. ज्या घरी गणवेशाचा एकच जोड आहे, त्या घरातील मूल रंगाच्या वाटीकडे आशेने पाहते. पण सदऱ्यावर डाग पडला तर घरी काय होईल, हा विचार त्याच्या बोटांना मागे ओढतो. अशा मुलास 'मोकळेपणाने रंगव' असे सांगणे व्यर्थ आहे. डाग निघून जाईल अशी व्यवस्था प्रथम करावी. मोकळेपणा मागाहून आपोआप येतो.

प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव येथे नमूद करणे उपयुक्त ठरेल. घरगुती रंग म्हणजे निरुपद्रवी रंग, अशा समजुतीने त्याने एकदा पहिलीच्या मुलांना हळद कालवून दिली. मुले अंगणात रमली. दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई शाळेत आली. झग्यावरचा पिवळा डाग साबण लावताच लालभडक झाला होता व तो निघेना. हळदीतील रंगद्रव्य क्षाराच्या संगतीने तांबडे होते व सुती धाग्यास थेट चिकटते, ही साधी गोष्ट शिक्षकाच्या ध्यानात आली नव्हती. पुढे कित्येक दिवस त्या मुलीने रंगाला बोट लावले नाही. चूक शिक्षकाची व शिक्षा मुलीस, असा तो प्रकार झाला.

धुऊन निघणे म्हणजे काय?

रंग दोन प्रकारचे असतात. काही पाण्याबरोबर धाग्यात मुरतात. हळद व पळसफुलांचा काढा हे या जातीचे होत. ते कागदावर शोभतात, परंतु अंगणातील खेळास योग्य नव्हेत. दुसरे रंग म्हणजे न विरघळणारी बारीक भुकटी. गेरू, पिवडी, शाडू ही या जातीची उदाहरणे. ही भुकटी खळीत कालवली म्हणजे खळ तिला कागदावर धरून ठेवते. वाळलेली खळ पुन्हा भिजली की फुगते व भुकटीस सोडून देते. खळीत थोडा साबण असल्यास कण धाग्यात रुतण्यापूर्वीच पाण्याबरोबर वाहून जातात. खळ, साबण व माती या तिघांच्या सहकार्यावर ही सर्व कृती उभी आहे.

साहित्य व कृती

मैदा 1 वाटी, पाणी 4 वाट्या, किसलेला अंगाचा साबण 2 चमचे, मीठ 2 चमचे; रंगासाठी गेरू, पिवडी, शाडू व कपड्यांच्या निळीची भुकटी. बाटलीतील पातळ नीळ घेऊ नये.

1. मैदा 1 वाटी थंड पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा.
2. उरलेल्या 3 वाट्या पाण्यास उकळी आणून त्यात हे मिश्रण बारीक धारेने सोडावे व सतत ढवळावे. खळ दाट व किंचित पारदर्शक झाली की उतरावी. हे काम शिक्षकानेच करावे. मुलांना चुलीजवळ येऊ देऊ नये.
3. खळ कोमट असता साबण व मीठ मिसळावे. मिठामुळे ती थोडी उशिरा आंबते.
4. गार झाल्यावर चार भांड्यांत वाटून प्रत्येकीत एकेक रंगाची वस्त्रगाळ भुकटी 1 चमचा घालावी. निळीची केवळ चिमूट पुरे. पिवडी व नीळ मिळून हिरवा होतो.

एवढा रंग दहा-बारा मुलांच्या गटास पुरतो. तो त्याच दिवशी वापरावा. उरलेला दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नये. आंबूस वास आला की टाकून द्यावा.

वर्ज्य पदार्थ

शेंदूर कदापि वापरू नये. तो शिशाचे संयुग असून विषारी आहे. भडक पिवळ्या व नारिंगी सुट्या भुकट्याही टाळाव्यात. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक नसावे, असा नियम 2016 साली झाला व 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला; परंतु शाळेच्या कपाटात पडून राहिलेले डबे त्याहून जुने असू शकतात. ते मुलांना देऊ नयेत. चुना डोळ्यांस व त्वचेस भाजतो, म्हणून पांढऱ्यासाठी शाडूच घ्यावा. काजळीचे कण अतिसूक्ष्म असल्याने तिचा डाग निघत नाही. काळ्या रंगावाचून मुलांचे अडत नाही.

चिंधीची कसोटी

रंग मुलांच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक रंगाचे एक बोट जुन्या पांढऱ्या सुती चिंधीवर ओढावे, तासभर उन्हात वाळवावे व थंड पाण्यात धुवावे. जो रंग राहील तो बाद समजावा. ही कसोटी मुलांसमक्षच करावी. डाग जाताना ज्याने स्वतः पाहिला, त्याची भीती उपदेशावाचून जाते. पालकांसही ही चिंधी दाखवावी व धुण्याची रीत सांगावी : वाळलेला थर प्रथम झटकावा, मग कपडा थंड पाण्यात भिजवावा व शेवटी साबण लावावा. प्रारंभीच घासल्यास गेरू विणीत जातो.

अंगणातील योजना

महागड्या साहित्यावाचून बालशिक्षण होऊ शकते, हे ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे सुरू केलेल्या व पुढे कोसबाड येथे वाढलेल्या कार्यातून सिद्ध झाले आहे. त्याच परिसरातील वारली लोक गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. बांबूच्या काडीचे टोक ठेचले की त्यांचा कुंचला तयार होतो. आपल्या शाळेतही ठेचलेली काडी, भेंडीचा ठसा व मुलाचे बोट एवढी साधने पुरेत. रद्दी कागद, फरशी किंवा कुंपणाची भिंत हा फलक होय. भिंतीवरील चित्र पावसाच्या सरीने धुऊन जाईल. त्याचे दुःख मानू नये, कारण भिंत पुन्हा कोरी मिळते.

रंग तोंडात घालू नये व डोळ्यांस लावू नये, हे मुलांना आधी सांगावे. गव्हाचे पीठ ज्यास सोसत नाही, त्याच्या गटासाठी तांदळाच्या पिठाची खळ करावी. जवळ पाण्याची बादली व जुने फडके असावे.

तास संपल्यावर कोणाचे चित्र सुबक झाले हे पाहण्यापूर्वी, कोणाचे हात कोरडे राहिले हे शिक्षकाने पाहावे. त्या मुलाजवळ बसावे, आपल्याच बाहीवर रंगाचे एक बोट ओढावे व त्याच्यादेखत धुऊन दाखवावे.