जुन्या सर्व्हरसाठी ऑपरेटिंग सिस्टीमची निवड : एका निर्णयामागील विचार

आपल्या रुग्णालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत एक नोंद आहे : सर्व्हर, खरेदी सन २०१७. हिशेबाच्या दृष्टीने त्याचा घसारा केव्हाच पूर्ण झाला. परंतु केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधभांडार आणि देयके ही चारही कामे आजही त्याच यंत्रावर चालतात. मध्यरात्री घाटंजी वा पांढरकवड्याहून सर्पदंशाचा अथवा फवारणीतून विषबाधा झालेला रुग्ण आला, तर त्याच्या पूर्वीच्या उपचारांची माहिती याच यंत्रातून मिळते. म्हणून या यंत्राविषयी विश्वस्त मंडळाने घेतलेला निर्णय देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि त्यावरील कामकाज यांमधील व्यवस्थापक. तिच्यात कालांतराने सुरक्षेच्या त्रुटी आढळतात आणि निर्माता कंपनी त्यांची दुरुस्ती पाठविते. मात्र ठरावीक मुदतीपर्यंतच. आपल्याकडील विंडोज सर्व्हर २०१६ ची ही मुदत १२ जानेवारी २०२७ आहे. मुदतीनंतरही यंत्र चालते. फक्त नवी त्रुटी उघडी पडल्यास ती बुजविणारे कोणी नसते.

बुजविलेली नसलेली त्रुटी काय करू शकते, हे १२ मे २०१७ रोजी इंग्लंडमध्ये दिसले. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या किमान ८० न्यासांचे कामकाज विस्कळीत केले. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती न बसविलेले संगणक बळी पडले. आपल्या देशात २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथे अनेक दिवस नोंदी हाताने कराव्या लागल्या.

मग सर्वांत नवी आवृत्तीच का घेऊ नये? आम्ही प्रत्येक पर्यायाला तीन प्रश्न लावले. सर्व्हर बनविणाऱ्या कंपनीने या यंत्रासाठी ती आवृत्ती मान्य केली आहे काय? रुग्णनोंदीचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालते काय? आणि तिची मुदत यंत्राच्या उरलेल्या आयुष्याला पुरते काय?

विंडोज सर्व्हर २०२५ पहिल्याच प्रश्नाला अडले. आपल्या यंत्राच्या डिस्क नियंत्रकासाठी लागणारी पूरक प्रणाली कंपनीने त्या आवृत्तीकरिता दिलेली नाही. आवृत्ती २०१९ पहिल्या दोन कसोट्यांना उतरते. पण तिची मुदत ९ जानेवारी २०२९ रोजी संपते, म्हणजे अल्पावधीत पुन्हा तोच खर्च. लिनक्स वर्गातील डेबियनला परवानाशुल्क नाही. परंतु आपले सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते. तिन्ही कसोट्यांना उतरली ती आवृत्ती २०२२. तिची मुदत १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहे.

खरेदीत एक व्यावहारिक बाब महत्त्वाची ठरली. यंत्रासोबत मिळणारा परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो; स्वतंत्रपणे घेतलेला घाऊक परवाना पुढे दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. शिवाय २०२५ च्या अशा परवान्यावर २०२२ ही आवृत्ती वापरण्याची मुभा असते. म्हणून आम्ही तसा परवाना घेण्याचे ठरविले. उद्या नवा सर्व्हर आला, तरी आपल्या देणगीतून झालेला हा खर्च वाया जाणार नाही.

जुन्या प्रणालीवर नवी चढविण्याऐवजी स्वतंत्र डिस्कवर कोरी मांडणी करावयाची, सुरक्षा-प्रतीतील नोंदी तीत उतरवून प्रत्येक विभागाने त्या पडताळावयाच्या आणि मगच रविवारी रात्री बदल करावयाचा, असा क्रम ठरला आहे. त्या रात्री नोंदणी कक्षात छापील केसपेपर तयार असतील आणि जुनी डिस्क महिनाभर जशीच्या तशी जपून ठेवली जाईल.

यंत्र मात्र जुनेच राहणार आहे. परवाना त्याला नवे आयुष्य देत नाही, केवळ सुरक्षित अवधी देतो. त्या अवधीत नव्या सर्व्हरसाठी राखीव निधी उभारण्याचा मंडळाचा संकल्प आहे. त्यास आपले सहकार्य लाभेल, असा विश्वास वाटतो.